दारावरचा कागद

सोलापूरहून वाडीकडे धावणारी गाडी अक्कलकोट रोड स्थानक सोडते आणि थोड्याच वेळात दुधनीला पोहोचते. गाव अक्कलकोट तालुक्यातले, सोलापूर जिल्ह्यातले. परंतु शिव ओलांडली की लगेच कर्नाटक लागते. त्यामुळे येथील माणूस वाक्याचा आरंभ मराठीत करतो आणि शेवट कानडीत, आणि त्यात काही वावगे घडले असे कोणालाच वाटत नाही. गावाचा खरा जीव बाजार समितीच्या आवारात आहे. तुरीचा हंगाम सुरू झाला की ट्रकची रांग लागते, पोत्यांच्या थप्प्या चढतात आणि धान्याची धूळ दिवसभर हवेत तरंगत राहते. त्या धुळीत धान्य चाळणाऱ्या, पाखडणाऱ्या, सांडलेले दाणे झाडून गोळा करणाऱ्या बायका वाकलेल्या दिसतात. त्यांची लेकरेही तेथेच असतात.

या गावी आमचा काही वर्षे मुक्काम होता. एका दुपारी आम्ही आवारातून जात होतो. पोत्यांच्या सावलीत एक तान्हे मूल फाटक्या लुगड्याच्या घडीवर निजले होते आणि दहा पावलांवर एक ट्रक मागे सरत होता. चालकाला मूल दिसत नव्हते. आईला ट्रक दिसत नव्हता. एका हमालाने आरोळी ठोकली म्हणून अनर्थ टळला. आईने मूल उचलले, छातीशी धरले आणि पाच मिनिटांनी ते पुन्हा तेथेच ठेवून ती कामाला लागली. तिला दुसरी जागाच नव्हती. गावात अंगणवाडी होती. पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि बाजारातल्या बाईचा दिवस दिवेलागणीनंतर संपतो. शिवाय अंगणवाडीत बसायचे वय तीन वर्षांचे. सहा महिन्यांच्या जिवाने तोवर काय करावे?

त्या दुपारीच पाळणाघराचा विचार मनात आला आणि दोन-अडीच महिन्यांत तो दोन भाड्याच्या खोल्यांत प्रत्यक्षात उतरला. वीस-बावीस मुले, एक प्रौढ बाई, जिला सारे गाव ‘अज्जी’ म्हणत असे, आणि तिच्या हाताखाली एक तरुण ताई. पाळणे, दोन सतरंज्या, दुधाचे पातेले, पाण्याचा माठ. एवढ्या सरंजामावर आम्ही मोठे समाधानी होतो. कोणी तरी विचारले, “फादर, कायदेकानू काय काय ठेवले आहेत?” आम्ही हसून उत्तर दिले, “हे घर आहे. घरात कोणी नियम लिहून भिंतीला चिकटवतात काय?”

या उत्तराचा आम्हाला पुढे फार पश्चात्ताप झाला. त्या पश्चात्तापाचीच ही कहाणी आहे.

ऐन हंगामातला दिवस होता. दुपारी एक गृहस्थ पाळणाघराच्या दारात आला. अंगावर स्वच्छ सदरा, हातात मिठाईचा पुडा. चार वर्षांची एक मुलगी ‘अप्पा’ म्हणत धावत त्याला बिलगली. त्याने अज्जीला सांगितले, “हिला घेऊन जातो.” अज्जीने मुलीची पिशवी आणून दिली. संध्याकाळी आई आली तेव्हा मुलगी नव्हती. नवराबायको वर्षभर वेगळे राहत होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही कधी विचारलेही नव्हते. विचारणे आगाऊपणाचे वाटले होते.

आई ओरडली नाही, रडली नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, “फादर, तुमच्या भरवशावर ठेवली होती ओ पोरगी.” अज्जी पदराने डोळे पुसत होती. “बापच हाय की त्यो. बापाला न्हाई कसं म्हनायचं?” तीही चुकली नव्हती. बापाला नाही म्हणण्याचा अधिकार तिला कोणी दिलाच नव्हता. हो म्हणण्याचाही दिला नव्हता; तो तिने माणुसकीने आपल्या अंगावर घेतला होता.

मुलगी तीन दिवसांनी परत आली. सीमेपलीकडच्या गावातून तिची आजीच तिला घेऊन आली. “आईवाचून लेकरू जेवेना,” एवढेच ती बोलली. मुलीला कोणी इजा केली नव्हती. पण त्या तीन रात्री त्या माऊलीने कशा काढल्या असतील याचा हिशेब आम्हाला आजही लागत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात, पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे म्हटले आहे. हे आम्ही नंतर वाचले. त्या दुपारी अज्जीच्या हाती कायद्याचे पुस्तक असून उपयोग नव्हता. तिच्या हाती एक साधा कागद हवा होता, ज्यावर आईने स्वतः सांगितलेली दोन-तीन नावे लिहिलेली असती. तो कागद नव्हता, आणि तो नसण्याचा दोष सर्वस्वी आमचा होता.

माणूस एका टोकावरून निघाला की दुसऱ्या टोकालाच जाऊन थांबतो. त्याच आठवड्यात आम्ही कंदिलासारख्या मंद दिव्याखाली बसून एकदम अकरा नियम लिहून काढले. भाषा अशी की एखाद्या सरकारी परिपत्रकाने मान खाली घालावी. “पालकांनी आपल्या पाल्यास विहित वेळेत…” असा त्याचा आरंभ होता. सहा वाजता पाळणाघर बंद. उशीर झाल्यास पाच रुपये दंड. ज्वर असलेल्या मुलास प्रवेश नाही. शुल्क दर शनिवारी. नावनोंदणीत नसलेल्या व्यक्तीच्या हाती मूल दिले जाणार नाही. कागद दारावर चिकटवला आणि एक मोठे कर्तव्य पार पडल्याचा आनंद घेऊन आम्ही झोपलो.

पंधरा दिवसांनी आमच्या ध्यानात आले की तो कागद कोणीही वाचलेला नाही. निम्म्या आयांना वाचता येत नव्हते; ज्यांना येत होते त्यांतल्या बऱ्याच जणी कानडी शाळेत शिकलेल्या होत्या. सेमिनरीत आम्ही ख्रिस्तसभेचा कायदा अभ्यासला होता. जो नियम जाहीर झाला नाही तो नियमच नव्हे, हे तत्त्व त्यात अगदी आरंभी येते. परीक्षेत ते उत्तर लिहून आम्ही उत्तम गुण मिळवले होते. पण ज्याच्यासाठी नियम केला त्याला तो कळला नाही तर दारावर चिकटवूनही तो जाहीर झालेला नसतो, हे दुधनीच्या बाजारातल्या आयांनी आम्हाला शिकवले.

मग आम्ही जुनी पुस्तके उघडली. आपल्या आधी हे काम कोणी कसे केले ते पाहावे, असे वाटले. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. मोलमजुरीसाठी आईबाप दिवसभर बाहेर; मागे राहिलेली मुले नव्याने दुरुस्त केलेल्या चाळींच्या भिंती खराब करीत; म्हणून घरमालक कंपनीनेच या कामाला जागा दिली होती. त्या बालगृहाच्या भिंतीवर पालकांसाठी नियम लावलेले असत. पैसे द्यावे लागत नसत; पण मुलाला ठरल्या वेळी, अंग आणि कपडे स्वच्छ करून पाठवावे लागे. शिक्षिकेशी आदराने वागावे लागे. मुले अस्वच्छ आली, अथवा आईबापांनी आपल्या वागण्याने शिक्षणाच्या कामावर पाणी फिरवले, तर मुलाचे नाव कमी होई. वाचताना आमच्या अकरा नियमांना जणू आधार सापडला. पण त्याच मजकुरात आणखी दोन गोष्टी होत्या. आठवड्यातून एकदा आईने येऊन शिक्षिकेशी मुलाविषयी बोलावे, अशी सोय होती. आणि शिक्षिका त्याच इमारतीत, त्याच लोकांच्या शेजारी राहत असे. त्या नियमांना शेजारधर्माचे बळ होते. आमच्या कागदाला फक्त डिंकाचे होते.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर याहून बोलके आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सोबतीने १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाचे काम सुरू केले, आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघरमधील, बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डीला बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. आईबाप कामावर, पोचवायला कोणी नाही, न्हाऊ-माखू घालायला वेळ नाही. रोमचा नियम लावला असता तर ही सारी मुले पहिल्याच दिवशी दाराबाहेर राहिली असती. या बायकांनी काय केले? बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना स्वतः न्हाऊ घातले, केस विंचरले आणि मग गाणी म्हटली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ती कल्पना यांचा जन्म असा झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात जाऊन शाळा भरवली, तिचे नाव कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्राला हेच अंगणवाडी नाव मिळाले.

दोन्ही थोर स्त्रिया स्वच्छतेच्याच बाजूच्या होत्या. एकीने ती अट म्हणून दारावर लिहिली. दुसरीने ती आपले काम म्हणून हाती घेतली. नियम लिहिताना पहिला प्रश्न हाच विचारावा, असे आम्हाला वाटते: ही गोष्ट कुटुंबाच्या हातची आहे की नाही? नसेल तर तो नियम कुटुंबावर न लादता आपल्याच अंगावर घेतला पाहिजे.

आमच्या दोन नियमांनी हे आम्हाला चांगलेच समजावले.

पहिला दंडाचा. सहानंतर पाच रुपये. दंड लावण्यापूर्वी उशीर झाला की आया धावत येत, अज्जीची क्षमा मागत, कोणी तिच्यासाठी मूठभर शेंगा आणी, कोणी दुसऱ्या दिवशी येऊन खोली झाडून देई. दंड लागू झाल्यावर धावणे थांबले. एक बाई साडेसातला सावकाश आली, पाचाचे नाणे अज्जीच्या हातावर ठेवले आणि मूल घेऊन चालू लागली. अज्जी म्हणाली, “आजवर म्या तिची सासू व्हते, आता दुकानदार झाले.” पुढे आम्हाला कळले की हा अनुभव एकट्या दुधनीचा नाही. इस्राएलमधील हैफा शहरात १९९८ साली उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांची वीस आठवडे पाहणी केली होती. पाचव्या आठवड्यापासून त्यांपैकी सहा ठिकाणी, दहा मिनिटांहून अधिक उशीर करणाऱ्या पालकाला दहा शेकेल दंड ठेवला. उशीर कमी व्हावा ही अपेक्षा. प्रत्यक्षात उशिरा येणारे वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाले. अधिक विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. सतराव्या आठवड्यापासून दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वपदावर आला नाही. भीड एकदा पैशात मोडली की ती पुन्हा नाण्याच्या बदल्यात मिळत नाही.

शिवाय आम्ही आणखी एक साधी गोष्ट विचारात घेतली नव्हती. बाई उशिरा येते ती गप्पांत रमल्यामुळे नव्हे. तोलाई उरकेपर्यंत तिची मजुरी हाती पडत नाही, म्हणून. सहाची वेळ आम्ही अज्जीच्या सोयीने ठरवली होती. बाजाराची वेळ कोणी विचारलीच नव्हती.

दुसरा नियम तापाचा. तो आमच्या मते निर्विवाद होता. एका सकाळी ताईने पाहिले की दीड वर्षाचा एक मुलगा येतो तेव्हा टवटवीत असतो आणि दुपारी बाराच्या सुमारास फणफणतो. असे लागोपाठ दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ आले. गोवर होता. आईला विचारले तेव्हा ती खालमानेने म्हणाली, “पाजून आनलं होतं औषध. ताप हाय म्हटलं असतं तर तुमी घेतलं नसतं. आन् रोज बुडला असता ओ.” गोवराचा रोगी पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत दुसऱ्याला रोग देऊ शकतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. आमच्या खोलीत आणखी तीन मुले आजारी पडली. त्यांतल्या एका पोरीला सोलापूरला रुग्णालयात न्यावे लागले. ती बरी झाली ही देवाची कृपा. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव या भागांत गोवराची साथ आली आणि काही बालके दगावली, तेव्हा वर्तमानपत्र हातात धरून आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो. आमच्याकडे काय होऊ शकले असते ते त्या बातमीत छापलेले होते.

त्या आईचा दोष होता काय? होता. पण तिला खोटे बोलायला आमच्या नियमानेच शिकवले होते. “आजारी मूल आणू नका” एवढेच आम्ही म्हणत होतो. मग त्याला ठेवायचे कोठे, आणि त्या दिवशी चूल कशी पेटायची, या प्रश्नांशी आम्ही आपला संबंध ठेवला नव्हता.

ही अडचण जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत आणि कामावर जात. शाही श्रम आयोगाच्या १९३१ च्या अहवालात या चालीची दखल आहे आणि गिरण्यांतून पाळणाघरे काढावीत असा आग्रहही आहे. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराची तरतूद झाली: पन्नासाहून अधिक स्त्रिया असतील तेथे, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसहून अधिक असतील तेथे. विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यातही पाळणाघराचे कलम आले. विडीच्या धंद्यावर हजारो चुली पेटवणाऱ्या सोलापूरला त्याचे महत्त्व सांगायला नको. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्याची दुरुस्ती झाली. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा, आणि नेमणुकीच्या वेळीच हे सारे तिला लेखी कळवण्याचे बंधन. हीच तत्त्वे पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली. यातील शेवटचे बंधन आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. आरंभीच, लिहून, समजावून सांगणे. पण बाजाराच्या आवारात दाणे पाखडणारी बाई कोणत्याही आस्थापनेच्या हजेरीपटावर नसते. आज या आडत्याकडे, उद्या त्या व्यापाऱ्याकडे. कायद्याचे छत्र तिच्या डोक्यापर्यंत येते आणि तेथे अलगद बाजूला सरते. तिच्यासाठी आमच्या दारावरचा कागद हाच काय तो कायदा.

म्हणून एका रविवारी आम्ही तो कागद काढून टाकला आणि सर्व आयांना बोलावले. काही बापही आले, मागे उभे राहिले. आम्ही म्हटले, “नियम तुम्ही सांगा, आम्ही लिहितो.” प्रथम कोणी बोलेना. मग एक आजी म्हणाली, “लेकराला न्यायला कोन येनार ते आदी लिवा.” तीन दिवस ज्या घरावर तो प्रसंग गुदरला होता, त्या घराची ती आजी नव्हती, पण गावात कोणाला तो ठाऊक नव्हता?

त्या दिवशी जे ठरले ते असे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन नावे. ती आईने अथवा जिच्यापाशी मूल राहते तिने सांगायची. नाव बदलायचे तर तिने स्वतः यायचे, निरोप चालणार नाही. कोर्टाचा कागद असेल तर त्याची प्रत वहीत. तिघांवाचून कोणी आले, मग तो बाप असो, मामा असो की गावचा पुढारी असो, त्याला पाणी द्यायचे, बसवायचे आणि आईला बोलावणे धाडायचे. वेळ हंगामाप्रमाणे: तुरीच्या दिवसांत रात्री आठपर्यंत, एरवी साडेसहापर्यंत. वाढीव वेळेसाठी अज्जी आणि ताई यांना जादा मेहनताना. दंड नाही, पण लागोपाठ तीन दिवस उशीर झाला तर आईने येऊन बसायचे आणि कारण सांगायचे. शुल्क आठवड्याच्या मजुरीच्या दिवशी. काम नसेल त्या आठवड्याचे माफ, मात्र ते त्याच आठवड्यात सांगायचे, महिन्याने नव्हे.

तापाच्या नियमावर सर्वांत अधिक वेळ गेला. शेवटी आयांनीच तोड काढली. ताप लपवायचा नाही, सांगायचे. सांगणाऱ्या बाईचे मूल परत पाठवले जाईल, पण तिच्या गल्लीतल्या एका वयस्क बाईकडे त्याची सोय केली जाईल आणि त्या बाईला दिवसाचे पैसे पाळणाघर देईल. औषध पाजून आणले असेल तर कोणते, किती, किती वाजता, हे दारातच ताईला सांगायचे. लसीचे कार्ड दाखवायचे. गोवराची लस नऊ महिने पुरे झाल्यावर आणि दुसऱ्यांदा दीड वर्षाच्या आसपास. ती राहिली असेल तर दारातून परत न पाठवता ताईने आईबरोबर आरोग्य केंद्रात जायचे. हा नियम लिहिताना बोर्डीचे अंगण आमच्या डोळ्यांपुढे होते.

भाषेचाही एक नियम झाला. तो आमच्या कधी मनातही आला नसता. एका आईने सांगितले की तिचा मुलगा घरी ‘नीरु’ म्हणतो. नवी येणारी कोणी मराठी बाई असेल तर तिला कळणार नाही आणि लेकरू तहानलेले राहील. तेव्हा ठरले, मुलाच्या नावापुढे त्याचे आठ-दहा शब्द लिहायचे: पाणी, भूक, शी, झोप, आई यांना ते काय म्हणते. आमच्या साऱ्या नियमांत हा सर्वांत लहान, आणि कदाचित सर्वांत शहाणा.

शेवटचा नियम आम्ही स्वतः मांडला. मुलावर हात उगारायचा नाही, कोणीही नाही. आणि बंद दाराआड कोणत्याही मुलापाशी कोणीही मोठे माणूस एकटे असणार नाही. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, ते आम्ही सोप्या शब्दांत सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराने महाराष्ट्र हादरला, त्याच्या किती तरी आधीची ही गोष्ट. पण ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या घरात जगभर काय घडून गेले हे आम्हाला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असून गप्प राहणे हेही पाप होते. मागून एका आईने विचारले, “कोनीबी म्हंजे फादरबी?” सभेत हशा पिकला. आम्ही म्हटले, “हो. फादरही.” हशा थांबला. तिने मान हलवली आणि म्हणाली, “मग लिवा.” आम्हाला वाटते, त्या क्षणापासून तो कागद आयांचा झाला. जो नियम करणाऱ्यालाही बांधतो त्यावरच लोकांचा विश्वास बसतो.

कागद दोन्ही भाषांत लिहिला. प्रत्येक नियमाखाली त्याचे कारण एका ओळीत. नवे मूल आले की ताई तो आईला मोठ्याने वाचून दाखवी आणि आई शेवटी अंगठा अथवा सही करी.

तो बाप पुन्हा आला. सणाचे दिवस होते. या वेळी मिठाई नव्हती आणि आवाज चढलेला होता. आम्ही बाहेरगावी होतो. हे सारे आम्हाला नंतर कळले. अज्जीने त्याला बसवले, पाणी दिले आणि कागदाकडे बोट करून म्हणाली, “माज्या हातात न्हाई बाबा. कागदात हाय.” तो बराच वेळ बसून राहिला. आई आली. दोघे अंगणात बोलले, काय ते कोणी ऐकले नाही. त्या दिवशी मुलगी आईबरोबर घरी गेली. पुढच्या आठवड्यात आई येऊन ताईला म्हणाली, “त्येचं नाव न्यायला लिवू नगा. पर रविवारी आला तर अंगनात खेळू दे पोरीसंगं. अज्जी बसली पायजे समोर.” ताईने ते तिच्याच शब्दांत वहीत लिहिले. यापुढे काय झाले असे वाचक विचारतील. फार काही झाले नाही. तो काही रविवारी आला, काही रविवारी आला नाही. संसार सांधला गेला नाही. पण ती मुलगी पुन्हा कधी रात्रीतून नाहीशी झाली नाही. आणि अज्जीला पुन्हा कधी पदराने डोळे पुसावे लागले नाहीत. नियम मुलांसाठी असतो असे आम्ही समजत होतो. तो मूल सांभाळणाऱ्या गरीब बाईच्या रक्षणासाठीही असतो. बलवान माणसाला तोंडावर नाही म्हणण्याचे धैर्य तिच्याजवळ नसेल, पण कागदाकडे बोट दाखवण्याइतके असते.

ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या पुस्तकात १७५२ कलमे आहेत. शेवटच्या कलमात, आत्म्यांचे तारण हाच सर्वश्रेष्ठ कायदा, अशा आशयाचे वचन आहे. विद्यार्थिदशेत आम्हाला नवल वाटे की एवढी मोठी गोष्ट शेवटी का ठेवली. आज वाटते, ती आरंभी असती तर बाकीची कलमे कोणी वाचलीच नसती. ‘प्रेम आहे, मग नियम कशाला?’ असे म्हणून आम्ही जसे दोन खोल्यांचे पाळणाघर उघडले होते, तसेच सारे चालले असते. प्रेमाला आधी सतराशे पायऱ्या चढाव्या लागतात.

आमची बदली झाल्यावर काही वर्षांनी कामानिमित्त दुधनीला उतरलो. पाळणाघर होते, पाळणे रंगवले होते. दारावरचा कागद मात्र आमचा नव्हता. नवा होता, अक्षर वेगळे होते. वेळेचा नियम बदलला होता आणि खाली कानडीत दोन ओळी अधिक लिहिल्या होत्या. आम्हाला त्या वाचता आल्या नाहीत. ताई आता अज्जीच्या जागी होती. आम्ही अर्थ विचारला. ती म्हणाली, “ते आयांनी घातलंय, फादर. आल्यावर आदी हातपाय धुवायचे, मग लेकराला घ्यायचं. बाजारातली धूळ असते ना अंगावर.”

आम्ही मुलांना भेटायला आत जाऊ लागलो. तिने संकोचून माठाकडे बोट केले. आम्ही हातपाय धुतले आणि मग आत गेलो.